बाबांची गोष्ट कॉलेजच्या डायरीत लिहू का?

ताई,
मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हांला कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल असा पेपर आहे. प्रत्येक पुस्तक वाचून झालं की डायरीत ‘वैयक्तिक प्रतिसाद’ लिहायचा असतो आणि त्याला गुण असतात. डॉ. आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ वाचताना वर्गातले सगळे हळवे झाले, मला मात्र काहीच वाटलं नाही. तरी ‘अंगावर काटा आला’ वगैरे दोन पानं लिहून दिली. मग ‘माउस’ वाचलं. आर्ट स्पीगलमन यांनी त्यात नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची, व्लादेकची गोष्ट सांगितली आहे आणि ज्यू माणसांना उंदरांचे चेहरे दिले आहेत. त्यातला म्हातारा बाप रस्त्यात पडलेली वायर उचलतो, त्या जागी मला इतकं रडू आलं की पुस्तक मिटून ठेवावं लागलं. माझ्या बाबांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. मग ट्रक विकला. आता ते दुसऱ्याची पिकअप चालवतात. ट्रकचे नट-बोल्ट आणि बाजूचा आरसा अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलाय. त्या दिवसांबद्दल ते घरात एक शब्द बोलत नाहीत. मला हे डायरीत लिहावंसं वाटतं, पण मॅडम चांगल्या डायऱ्या वर्गात वाचून दाखवतात. शिवाय छळछावणीतून वाचलेल्या माणसाशी बाबांची तुलना करणंही मला चुकीचं वाटतं. आणि बाबा तर म्हणतात, ‘चित्रां पळोवन कितें शिकतलें गो?’ (चित्रं बघून काय शिकणार गं?) मी काय करू?
— एक विद्यार्थिनी

बाय,

तुझं पत्र छापताना गावाचं नाव आणि घर ओळखू येईल असे काही तपशील मी काढून टाकले आहेत. तू तसं सांगितलं नव्हतंस, तरी काढले. का, ते पुढे येईलच.

आधी रडण्याविषयी. तुला त्याची थोडी लाज वाटते आहे, असं पत्रावरून दिसतं. अख्ख्या युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीवरचं पुस्तक, आणि आपण रडलो कुठे, तर वायरच्या तुकड्याशी! पण कॉमिक्स वाचताना असंच होतं, आणि त्याला कारण आहे. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिथे चित्रकाराने काहीही काढलेलं नसतं. तिथे काय घडलं ते वाचणारा आपल्या मनाने भरतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिक्स कसं चालतं हे समजावणारं पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात काढलं. त्यात एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस आहे आणि पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुठेच दाखवलेला नाही. तो वाचणाऱ्याने घातलेला असतो, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. त्या कोऱ्या जागेत भरायला माणूस सामान आणणार कुठून? घरूनच. व्लादेक वायर उचलतो, मुलगा वैतागून म्हणतो की असला कचरा कशाला उचलता, विकत मिळत नाही का, आणि त्या दोन चौकटींच्या मध्ये तुझ्या घरचा पत्र्याचा डबा येऊन बसला. वाचन बरोबर चाललं होतं, म्हणूनच तो आला.

आता तुलनेचं. तुझी शंका रास्त आहे आणि ती सोडू नकोस. ऑशविट्झ आणि खाणबंदी एका मापाने मोजता येत नाहीत. एका ठिकाणी माणसं संपवण्याचा कारखाना होता. दुसऱ्या ठिकाणी घरं कर्जात गेली, आणि ती का गेली याला सरकार, कंपन्या, कोर्ट, आपली सगळ्यांची हाव अशी बरीच कारणं आहेत. पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं, तर तू दुःखांची तुलना केलेलीच नाहीस. तुला सारखे दिसले ते दोन माणसांचे हात. टाकून द्यायची वस्तू उचलून ठेवणारे हात. तेवढंच लिहिलंस तर कुणाचाही अपमान होत नाही.

आणि त्याच पुस्तकात तुझ्यासाठी एक इशाराही आहे. व्लादेकचा चिक्कूपणा, औषधाच्या गोळ्या मोजत बसणं, काहीही टाकू न देणं हे सगळं छावणीमुळे आलं, असं आपण लगेच ठरवून मोकळे होतो. पण त्याची दुसरी बायको माला, जी स्वतः छावणीतून वाचलेली आहे, ती म्हणते की आमच्या ओळखीचे सगळेच त्यातून गेले, पण यांच्यासारखं कुणी नाही. स्पीगलमननी हे वाक्य ठेवलं, ही मला त्या पुस्तकातली फार प्रामाणिक जागा वाटते. बापाच्या प्रत्येक सवयीखाली इतिहासाची चिठ्ठी चिकटवायचा मोह त्यांनी टाळला. तूही टाळ. बाबांचा डबा खाणबंदीमुळेच आहे कशावरून? स्वतःची गाडी असलेला कुठला ड्रायव्हर सुटे भाग फेकून देतो? कदाचित ट्रक जोरात चालत होता, तेव्हाही तो डबा होताच. तुला ते माहीत नाही, कारण तू विचारलेलं नाहीस.

यातूनच तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. बाबांची गोष्ट वहीत लिहायची की नाही?

‘माउस’चं पहिलं प्रकरण परत काढ. व्लादेक व्यायामाच्या सायकलवर बसून पेडल मारतो आहे आणि मुलाला जुन्या गोष्टी सांगतो आहे. हँडलवर पसरलेल्या हातांच्या मधून मुलगा दिसतो आणि त्या हातावर छावणीत गोंदलेला नंबर. मग तो लग्नाआधीच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगतो आणि शेवटी बजावतो की हे खाजगी आहे, पुस्तकात घालू नकोस, याचा हिटलरशी काही संबंध नाही. मुलगा हुज्जत घालतो, याने गोष्ट जास्त खरी वाटेल म्हणतो, आणि मग लिहिणार नाही असा शब्द देतो. ती मैत्रीण, तो शब्द, सगळं आपण छापलेल्या पुस्तकात वाचतो आहोत! म्हणजे शब्द मोडला. लेखकाने तो मोडला, आणि मोडला हे लपवलंही नाही. पुढे आणखी एक जागा येते. आईच्या आत्महत्येवर या मुलाने पूर्वी एक छोटं कॉमिक काढलेलं असतं, वडिलांना न दाखवता. ते कधीतरी वडिलांच्या हाती लागतं. ते वाचतात आणि रडतात.

स्पीगलमनला १९९२ मध्ये या पुस्तकासाठी पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, जगाने ते डोक्यावर घेतलं. तरीही त्या शब्दाचा प्रश्न सुटलेला नाही, आणि मला वाटतं त्यांनाही तो सुटलेला नको होता. पण त्यांनी तो शब्द मोडायच्या आधी वर्षानुवर्षं बापासमोर बसून, टेप लावून, ऐकून घेतलं होतं. तू अजून एकदाही समोर बसलेली नाहीस. म्हणून माझं म्हणणं असं, की बाबांच्या कर्जाचं, ट्रक विकल्याचं, त्या वर्षांत घरात काय झालं त्याचं काहीही कॉलेजच्या डायरीत नको. निदान आत्ता नको. त्या गोष्टीचा मालक जिवंत आहे, पलीकडच्या खोलीत जेवतो आहे, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

यात डिचोलीचाही भाग आहे. तुझी डायरी वर्गात वाचली गेली तर संध्याकाळच्या बसने ती गावात पोचेल. तुझ्या वर्गात ट्रकवाल्यांची मुलं असतील, तशी एखादी अशीही असेल जिच्या आजोबांच्या शेतात खाणीचा गाळ आला किंवा जिच्या घरची विहीर आटली. मला स्वतःला त्या मुलीचं दुःख तितकंच जवळचं वाटतं. पण कर्ज काढून एक ट्रक घेणाऱ्या माणसाला खाणमालकाच्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे, आणि वर्गात वाद पेटला तर बाबांच्या बाजूने बोलायला बाबा तिथे नसतील.

मग डायरीत काय लिहायचं? पान लिही. नेमक्या कोणत्या चौकटीशी थांबलीस, ती केवढी होती, चेहरा उंदराचा असताना म्हातारपण कशात दिसलं, खांद्यात की पाठीच्या बाकात, मुलगा कुणीकडे बघत होता. मग एवढंच: ‘माझ्या घरातही असं जपून ठेवणारं माणूस आहे, म्हणून मी इथे थांबले.’ त्या एका वाक्यात तुझा प्रतिसाद येतो. ‘हेलावून गेले’, ‘सुन्न झाले’ हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, ते गाळलेस तरी काही अडणार नाही.

घरासाठी दुसरी वही कर. ती कुणाला द्यायची नाही. आणि बाबांना विचार, पण ‘तेव्हा तुम्हांला काय वाटलं’ असं मुळीच विचारू नकोस. आपल्याकडच्या बापांना त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ते उठून अंगणात जातात. कामाचं विचार. खाणीवर ट्रक भरायला किती वेळ लागायचा, रांगेत डबा कुठे खायचे, माल मांडवीच्या काठच्या जेटीवर नेऊन बार्जमध्ये ओततात तो कसा ओततात. एक कोरा कागद आणि पेन पुढे ठेव आणि रस्ता काढून माग. खाण इथे, वळण इथे, जेटी इथे. हाताने रेघ ओढायला लागलं की माणूस बोलतो, असं मी फार जवळून पाहिलेलं आहे. बोलले तर ऐक. नाही बोलले तर नकाशा तरी मिळेल. आणि सगळ्यात शेवटी, खूप पुढे कधीतरी, ‘मी हे कॉलेजसाठी लिहू का?’ असं विचार. ते नको म्हणाले तर नको.

‘चित्रां पळोवन कितें शिकतलें’ यावर वाद घालू नकोस, दाखव. त्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सांग. ठाकर समाजातली ही माणसं रामायण-महाभारतातली चित्रं एकामागून एक समोर धरून, गाऊन कथा सांगतात, पिढ्यान् पिढ्या. पिंगुळी पत्रादेवीच्या हद्दीपलीकडे फार लांब नाही. ज्या बाबांनी रात्र जागून दशावतार पाहिला असेल, त्यांना गोष्ट डोळ्यांनीही ऐकतात हे वेगळं शिकवावं लागणार नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं नाव तर त्यांना ठाऊक असेलच. लोटलीत राहणारा तो माणूस तरुणपणी रोजची डायरी चित्रांतून लिहायचा. गावातली माणसं, लग्नं, पाद्री, शेजारी, सगळे त्यात. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्या डायऱ्या पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. ग्रंथालयात मिळाल्या तर बाबांच्या हातात दे, गप्प बस आणि पानं त्यांनाच उलटू दे. तुझ्या दुसऱ्या वहीसाठीही तो चांगला रस्ता आहे. चित्र सुबक नसलं तरी चालतं. डब्यातला आरसा काढून बघ.

राहिलं ‘भीमायन’. काही वाटलं नाही तर काही वाटलं नाही असं लिहायचं, आणि मग का वाटलं नाही ते शोधायचं. मला एक शंका आहे. त्या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी शैलीत चित्रं काढली आहेत आणि नेहमीच्या चौकोनी चौकटी ठेवलेल्याच नाहीत. डोळ्याला ‘आता इकडे, मग तिकडे’ असं कुणी सांगत नाही. तू बहुधा मजकूर वाचत गेलीस, आणि आंबेडकरांची गोष्ट शाळेपासून माहीत असल्यामुळे भराभर पुढे गेलीस. आता फक्त संवादांचे फुगे बघत परत वाच. मायेने बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत आणि जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मसूर स्टेशनावर उतरलेली ती लहान मुलं, भीम आणि त्याची भावंडं, पाणी मागतात, त्या पानांवर कुणाच्या तोंडाशी पक्षी आहे आणि कुणाच्या तोंडाशी नांगी, एवढंच टिपून काढ. त्यानंतरही काही वाटलं नाही तर तसं लिही. पण ‘अंगावर काटा आला’ ही दोन पानं तशी ठेवू नकोस. खाली आजची तारीख घाल आणि ‘हे मी वर्गाकडे बघून लिहिलं होतं, आता परत वाचून लिहिते’ असं म्हणून पुढे लिही. चांगल्या मॅडमना याचं मोल कळतं.

आणि मॅडमना वर्ग सुटल्यावर एकटीने भेटून स्पष्ट विचार: माझी डायरी वर्गात वाचायची असेल तर आधी मला सांगाल का? हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. त्या हो म्हणाल्या तर उत्तम. नाही म्हणाल्या, तर ‘माउस’वरच्या नोंदीतलं घराचं ते एक वाक्यही काढून घे आणि दुसऱ्या वहीत ठेव. बाकीचं पान त्याच्याशिवाय उभं राहतं. डायरी कधी द्यायची आहे ते तू लिहिलं नाहीस, पण हे विचारणं त्याच्या आधी व्हायला हवं.

— ताई