बालीला आता नुसती गर्दी असते म्हणतात. कोल्हापूरहून मे महिन्यात आईला आणि मुलांना घेऊन जावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या सुट्टीत बालीचं ठरत आलंय, सोबत सत्तरीच्या आई आहेत, आणि जो भेटतो तो म्हणतो, तिथं आता पाय ठेवायला जागा नाही, पैसे घालवू नका. माझं उत्तर: जा. आम्ही घरची मंडळी जाऊन आलोय आणि जमेल तेव्हा पुन्हा जाणार आहोत. फक्त पॅकेजवाले ज्या ठरलेल्या जागी फिरवतात, त्यातल्या निम्म्या तरी कापून टाका.

गर्दीचं खोटं नाही. बाली आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान आहे. कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर, बाली पावणेसहा हजारांच्या आसपास. राहणारी माणसं त्रेचाळीस लाखांवर, आणि २०२४ मध्ये परदेशातून आलेले पाहुणे ६३ लाख. इंडोनेशियाच्या बाकीच्या बेटांवरून येणारे वेगळेच. परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियानंतर दुसरा नंबर आपल्या भारतीयांचा, म्हणजे ती गर्दी आपलीही आहे.

पण ती बेटभर सारखी पसरलेली नाही. दक्षिणेकडचं कुटा, सेमिन्याक, चांगू, उलुवातू आणि जरा वर उबुद, एवढ्या पट्ट्यात सगळी दाटी. विमानतळ ते उबुद अंतर आपल्या कोल्हापूर-निपाणीएवढं, पण दीड-दोन तास धरूनच चाला. रस्ते अरुंद, दुचाक्या दोन्ही बाजूंनी. त्या पट्ट्यातून उत्तरेला किंवा पूर्वेला निघालात की तासाभरात चित्र पालटतं.

लेंपुयांगच्या देवळाचं 'स्वर्गाचं दार' तुम्ही मोबाईलवर पाहिलंच असेल. दोन उंच दगडी खांब, मधोमध आगुंग ज्वालामुखी, खाली निवांत तळं आणि तळ्यात प्रतिबिंब. तिथं तळं नाहीच. कोरडं अंगण आहे. फोटो काढणारा पोरगा मोबाईलच्या कॅमेऱ्याला खालून आरसा चिकटवून धरतो, आणि फोटोत तळं उगवतं. त्या एका फोटोसाठी लोक नंबर घेऊन दोन-दोन, तीन-तीन तास बसून असतात, आणि ढग उतरले की डोंगरसुद्धा दिसत नाही. देऊळ फार जुनं, मोठ्या श्रद्धेचं आहे. पण ते बघायला कोणी थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आईंना तिथं रांगेत बसवू नका. शेजारच्या नुसा पेनिदा बेटावरचा केलिंगकिंग किनाराही त्यांच्यासाठी नाही. उतार खडा आहे, वरूनच बघून परतावं लागेल, आणि त्यासाठी बोटीचा आणि खराब रस्त्याचा त्रास का घ्यायचा?

त्याऐवजी पूर्वेला सिदेमेन किंवा डोंगरात मुंदुक, यांपैकी एका गावात तीन-चार मुक्काम करा. तिथं बघायचं काय, तर पाणी. हे मी खास कोल्हापूरकरांना सांगतो, कारण ज्या मातीत राधानगरीचं धरण झालं आणि जिथल्या बंधाऱ्याला अख्खा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणतो, तिथल्या माणसाला ते बघताना वेगळाच आनंद होतो. बालीत भाताचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था आहेत, त्यांना सुबाक म्हणतात. हजारभर वर्षांची ही रीत. २०१२ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक संस्था, तिचा एक प्रमुख, आणि लावण कधी, पाणी कधी सोडायचं, हे पाण्याच्या देवळात बसून ठरतं.

आम्ही राहिलो त्या घराच्या मालकानं आम्हाला बांधाबांधानं नेऊन पाणी कसं वाटतात ते दाखवलं. पाटात नारळाचा ओंडका आडवा टाकलेला, त्याला कमी-जास्त रुंदीच्या खाचा. ज्याचं रान जेवढं, तेवढी त्याची खाच रुंद. पाणी ओंडक्यावर येतं आणि खाचांतून आपापल्या वाटेनं निघून जातं. पुष्कळ ठिकाणी आता सिमेंटचं केलंय, पण हिशेब तोच. आमची शेती पंचगंगेकाठी, संस्थेच्या पाण्यावर. पाण्याची पाळी चुकली की काय होतं हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे मी त्या खाचांपाशी बराच वेळ बसून राहिलो.

त्यानंच पुढची गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात सरकारनं नवं बियाणं आणलं आणि वर्षात निघतील तेवढी पिकं काढा म्हटलं. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावण केली. पाण्याची ओढाताण झालीच, वर तुडतुड्यांनी भात खाल्लं. मग हळूहळू लोक पुन्हा देवळाच्या वेळापत्रकावर आले. एका खोऱ्यातली खाचरं एकदम लावायची, एकदम कापायची, एकदम मोकळी ठेवायची, म्हणजे किडीला खायला काही राहत नाही. पुढं अभ्यासकांनीही याचा हिशेब मांडून त्यांना दुजोरा दिला. आजरा, गगनबावड्याकडचे भातवाले हे ऐकून नक्की मान डोलावतील.

आणि हीच खाचरं दक्षिणेत झपाट्यानं बुजतायत. त्यावर व्हिला उठतात, प्रत्येकाला आपला पोहण्याचा हौद हवा असतो, आणि विहिरी, बोअर खोल खोल जातात. २०२५ च्या सप्टेंबरात देनपासारमध्ये मोठा पूर आला, पंधराहून जास्त माणसं गेली. पाऊस भयंकर होताच, पण पाणी मुरायच्या जागा आपण बांधून टाकल्या, हे तिथंही उघड बोललं गेलं. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी घरात घेतला, त्यांना यापुढं मी काय सांगणार! माझं म्हणणं एवढंच, की राहायला गावातलं घर घ्या. पुष्कळ घरांत पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या असतात, नाश्ता मिळतो, आणि पैसा त्या घरात जातो.

अशा घरात राहिल्यावर आईंनाही करमेल. रोज सकाळी घरातल्या बायका नारळाच्या पातीच्या चौकोनी टोपल्या विणतात, हाताच्या तळव्याएवढ्या. त्यात पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं, चार शितं भात, वर उदबत्ती. मग ती देवापुढं, उंबऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर, गाडीवरसुद्धा ठेवतात. माझी मामी दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंशेजारी मांडी घालून बसायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मामीची टोपली आधी सुटत होती, मग बाईंनी तिचा अंगठा धरून घडी कुठं मोडायची ते दाखवलं. आता मामी इथं गौरीला तशीच टोपली करते.

ह्या टोपल्या फुटपाथवर खालीच असतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, ओलांडायचं नाही, लाथ लागू द्यायची नाही. देवळात कमरेला सारोंग लागतं, ते तिथं मिळतं. पाळी असलेल्या बायकांनी देवळात येऊ नये असा तिथला नियम आहे, पाट्या लावलेल्या असतात. पवित्र झाडांवर, चौथऱ्यांवर चढून फोटो काढणाऱ्या परदेशी लोकांना बालीनं परत पाठवलंय आणि २०२३ पासून वागणुकीचे लेखी नियमच काढलेत. मला ते अगदी पटतं. अंबाबाईच्या देवळात कोणी रील करायला लागलं की आपल्याला काय वाटतं ते आठवा.

मे महिना उत्तम आहे. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, आणि खरी झुंबड जुलै-ऑगस्टला नि नाताळात. डिसेंबर ते फेब्रुवारी टाळायचंच. पाऊस असतो आणि पश्चिमेच्या वाऱ्यानं कुटाच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचा खच येऊन पडतो. कधी पाडव्याच्या सुमारास गेलात, तर त्यांचा न्येपी, म्हणजे नववर्षाचा दिवस, बघून तारखा ठरवा. त्यांचंही शकच आहे. २०२५ मध्ये दोन्हीकडं शके १९४७ लागलं. त्या दिवशी अख्खं बेट घरात बसतं, दिवे नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद.

स्कूटर भाड्यानं घेऊ नका. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विम्याचे पैसे मिळणं मुश्कील होतं. ड्रायव्हरसकट गाडी दिवसावर ठरवा, पैसे आधी बोलून घ्या. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया. शिवाय २०२४ पासून माणशी दीड लाख रुपिया पर्यटन कर आहे, तो निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून टाका. आई शाकाहारी असतील तर प्रत्येक ठिकाणी 'तेरासी नको' सांगा. ती सुकवलेल्या कोळंबीची चटणी, भाजीतही घालतात. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या) त्यांना आवडेल.

शेवटचे दोन मुक्काम सानुरला करा. विमानतळ जवळ, प्रवाळामुळे समुद्र शांत, आणि किनाऱ्यालगत लांब फरसबंद वाट आहे, आई रोज सकाळी चालू शकतील.

आणि सगळ्यांचे पासपोर्ट आजच काढून बघा. पोहोचल्यापासून सहा महिने मुदत शिल्लक हवी. आईंचा संपत आला असेल, तर आपल्या कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही.