रूबी या प्रोग्रामिंग भाषेत शब्दांच्या यादीतली ठरावीक अक्षरं मोजायची आहेत, पण ‘नि’ मोजताना आकडा का फुगतो?

तुमची यादी नाशिक, निफाड, सिन्नर, कळवण, येवला अशी आहे. ‘न’ आणि ‘क’ मिळून 6 येतात ते बरोबर आहे. ‘नि’ मोजल्यावर 7 येतात, आणि डोळ्यांना तर एकट्या निफाडमध्येच ‘नि’ दिसतो.

घोळ स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) काउंट मेथडचा, म्हणजे मोजणाऱ्या कमांडचा आहे. (मेथडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करा.) काउंटला तुम्ही जे देता, त्याला ती सलग मजकूर समजत नाही, त्यातलं प्रत्येक चिन्ह सुटं धरते. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत) ‘नि’ म्हणजे ‘न’ आणि ऱ्हस्व वेलांटी अशी दोन चिन्हं. मग नाशिकमधला ‘न’ मोजला जातो, ‘शि’ची वेलांटीही मोजली जाते. मी सिन्नर फाट्याकडचा, म्हणून सांगतो: सिन्नरात ‘नि’ कुठेच नाही, तरी तिथून तब्बल 3 निघतात!

सुट्या व्यंजनांसाठी मात्र काउंट उत्तमच. यादीवर सम (बेरीज करणारी मेथड) लावा, ब्लॉकमध्ये (तिला जोडलेल्या कोडच्या तुकड्यात) प्रत्येक शब्दाचं काउंट घ्या, आणि ‘नक’ एकत्रच द्या, दोनदा फिरायची गरज नाही.

‘नि’साठी आधी शब्द फोडावे लागतील. फ्लॅट मॅपमध्ये (सगळे तुकडे एकाच यादीत आणणारी मेथड) प्रत्येक शब्दावर ग्राफीम क्लस्टर्स चालवा (शब्दाची डोळ्यांना दिसतात तशी अक्षरं पाडणारी मेथड, रूबी 2.5 पासून आहे). नाशिकचे ‘ना’, ‘शि’, ‘क’ असे तीन तुकडे पडतात. जो अ‍ॅरे (म्हणजे यादी) मिळेल त्यावर काउंट करून ‘नि’ द्या, उत्तर 1. नाव तेच असलं तरी अ‍ॅरेचं काउंट अख्खा तुकडा जुळवून बघतं. सगळ्याच अक्षरांचा हिशोब हवा असेल तर काउंटऐवजी टॅली, पण त्याला रूबी 2.7 लागेल.

जोडाक्षरांकडे लक्ष ठेवा. ती न तोडण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत आला. त्यामुळे तुमच्याकडे सिन्नर ‘सि, न्, न, र’ असं फुटतं की ‘सि, न्न, र’, ते आधी छापून बघा. ‘न’चा आकडा त्यावरच ठरेल.

काही जण जॉइनने सगळी यादी चिकटवून स्कॅन (मजकुरात तुकडा शोधणारी मेथड) लावायला सांगतील. एकेका चिन्हापुरतं ते चालतं. दोन-तीन अक्षरांचा तुकडा शोधत असाल तर नका करू: सिन्नरला कळवण चिकटलं की मधोमध ‘नरक’ तयार होतो, आणि स्कॅन तो इमानदारीत मोजतो. स्कॅन वापरायचंच तर शब्दागणिक वापरा.

आणि मोजायची अक्षरं वापरणाऱ्याकडून घेणार असाल, तर ती थेट स्ट्रिंगच्या काउंटला देऊ नका. तिथे ‘क-घ’ म्हणजे क ते घ सगळी अक्षरं, आणि सुरुवातीला ‘^’ आला तर दिलेली सोडून बाकी सगळी मोजली जातात.