“गांधीलमाशी चावली काय गं?”

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई. मी २७ वर्षांची, निपाणीची. वर्षापूर्वी मैत्रिणीसोबत एका पार्लरमध्ये जाऊन ओठांत एक एमएल फिलर, म्हणजे ओठ भरदार करणारं जेल, सुईने घेतलं. दीड महिन्यात ते बसल्यासारखं वाटलं म्हणून परत एक एमएल घेतलं. आता वरच्या ओठावर मिशीसारखी फुगीर पट्टी आलीय, लिपस्टिकची कड धड जमत नाही. चुलतबहिणीच्या हळदीचे फोटो बघून आई म्हणाली, “ओठाला गांधीलमाशी चावली काय गं?” पार्लरवाल्या म्हणतात, रोज बोटाने दाबून खाली ओढ, नाहीतर खालच्या ओठात अजून अर्धा एमएल घालून सारखं करू. तीन महिन्यांवर माझं लग्न आलंय. हे आपोआप जाईल का? विरघळवलं तर माझे मूळचे ओठ चोपून जातील का? काय करू, सांगा की.

उत्तर : आधी ते दाबणं बंद कर. दाबलेलं फिलर कुठे जावं हे तुझं बोट ठरवू शकत नाही. आणि तो अर्धा एमएल तर नकोच. पोळी एका कडेने फुटली म्हणून दुसऱ्या कडेने आणखी पुरण भरतं का कोणी?

एक एमएल म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. ऐकायला थोडं वाटतं, पण ओठ तरी केवढा? तुझ्या ओठांत दीड महिन्यात दोन एमएल गेलं. ओठाचा गुलाबी भाग आणि वरची कातडी यांच्यामधल्या रेषेखाली, तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो. शिट्टी वाजवताना, प-फ-ब-भ-म म्हणताना तोच आवळतो. ओठात जागा उरली नाही की जेल त्या रेषेच्या वर, कातडीखाली जाऊन बसतं. कधी पुढे उंचवटा येतो, तर कधी आतल्या ओल्या बाजूला गाठ लागते. ‘सरकलं’ हा शब्द मला अर्धाच पटतो. पुष्कळदा ते सरकत नाही, पहिल्या दिवशीच चुकीच्या जागी पडलेलं असतं : सुई उथळ किंवा स्नायूत गेली, किंवा सुईच्याच वाटेने जेल मागे आलं. तुझं यातलं कोणतं, ते बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

घरी एवढं करून बघ. खिडकीशी उजेड बाजूने पडेल अशी उभी राहा, ओठ सैल मिटून घे आणि बाजूने फोटो काढायला सांग. नाकाखालची कातडी ओठापाशी पायरीसारखी पुढे आलेली दिसली, तर आईची नजर बरोबर आहे. (नुकतंच फिलर घेतलेल्यांनी ही परीक्षा घेऊ नये. पहिले दोन आठवडे सूजच असते आणि ती दोन्हीकडे सारखी नसते.)

आपोआप जाईल का? ओठातलं हायलुरॉनिक ॲसिडचं (आपल्या शरीरातही असणाऱ्या पदार्थाचं) फिलर साधारण सहा महिने ते वर्षभर दिसतं, असं सगळे सांगतात. पण बाजूला जाऊन बसलेलं तेवढ्यात जाईलच असं नाही. एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनीही फिलर दिसलेलं आहे. लग्न तीन महिन्यांवर असताना मी त्याच्या भरवशावर राहिले नसते.

ते विरघळवता येतं, पण मुळात ते हायलुरॉनिक ॲसिडच असेल तर. फिलरच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात आणि त्यातला एक पेशंटच्या कागदावर लावायचा असतो. पार्लरकडे तो माग. “इम्पोर्टेड होतं” हे उत्तर धरू नकोस. सिलिकॉनसारखं काही घातलं असेल तर विरघळवायचं औषध त्यावर चालत नाही, आणि मग वाट वेगळी.

औषधाचं नाव हायलुरोनिडेज. तुझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डोळ्याशेजारी दिलेल्या भुलीत हेच मिसळलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. इंजेक्शननंतर काही तासांत काम सुरू होतं, एक-दोन दिवसांत बहुतेक जेल विरतं, खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो. कधी दुसरी फेरीही लागते.

आता तुझ्या आईची गांधीलमाशी. मधमाशीच्या आणि गांधीलमाशीच्या विषातही याच जातीचं द्रव्य असतं. अशी माशी चावून तुला कधी अंगभर पित्त उठलं असेल, श्वास कोंडला असेल, तर सुईच्या आधी ते सांग. खानापूरच्या रानाकडून येणाऱ्या पेशंटना मी हा प्रश्न न चुकता विचारते.

मूळचे ओठ चोपणार नाहीत. माणसाच्या शरीरात मिळून साधारण १५ ग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने बनतो. इंजेक्शनने तुझंही थोडं विरेल, पण ते भरून येतं. मात्र पहिले काही दिवस आरसा आवडणार नाही. वर्षभर फुगीर ओठ बघून डोळ्याला तीच सवय झालीय.

तीन महिने पुरेसे आहेत, फक्त या आठवड्यात सुरुवात कर. लग्नाआधी परत फिलर भरायचा हट्ट करू नकोस; सुईने ओठावर नागीणीसारखे फोड उठू शकतात, काळं-निळं पडतं, आणि हे सगळं हळदीच्याच दिवशी नको.

माझा दवाखाना बेळगावच्या शहापुरात, पण निपाणीहून तुला कोल्हापूर जवळ. सोयरिकीला, डोळ्यांना आपण तिकडे जातोच, यालाही जा. विचारायचं ते एवढंच : त्वचेची किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, आणि हायलुरोनिडेज दवाखान्यात या क्षणी आहे का. इकडे कर्नाटकातच दाखवायचं ठरवलंस, तर इथे खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याने नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र भिंतीवर बघायचं. औषध “मागवून देऊ” म्हणणाऱ्याकडून फिलरही घेऊ नये. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर ओठ किंवा आजूबाजूची कातडी पांढरी पडते, जाळीदार निळसर दिसते, ठणकते. तेव्हा तासांचा हिशोब असतो, मागवायला वेळ नसतो.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीने बिनसुईचं फिलर पेन ऑनलाइन मागवून घरीच वापरलं. ओठावर गाठ आलीय. गरम शेक देऊ का? — एक आई, खानापूर

उत्तर : शेक नको, ताई. हे पेन जेल दाबाने कातडीतून आत ढकलतं. किती आत आणि कुठे, ते वापरणाऱ्याच्या हातात राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये याच पेनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. ओठाचा रंग बदलला किंवा ठणका वाढत गेला तर त्याच दिवशी निघा, नाहीतर या आठवड्यात तिला घेऊन या. रागवायचं ते नंतर रागवा. आणि पेन, त्यासोबत आलेली बाटली दोन्ही पिशवीत घालून आणा. त्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला बघायचंय.