शिबिर एका दिवसाचं, काम सहा महिन्यांचं

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटीस दिन झाला. हिपॅटायटीस म्हणजे यकृताला येणारी सूज; ती बहुधा ए, बी, सी, ई अशा विषाणूंमुळे येते आणि तिच्यात कावीळ होऊ शकते. हिपॅटायटीस बीचा विषाणू शोधणारे आणि त्यावरच्या लसीचा पाया घालणारे डॉ. बारूख ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्या निमित्तानं गेल्या अंकात काविळीबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, त्यांतली चार इथे घेते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरताई, आमचं सोलापूरच्या पूर्व भागातलं गणेश मंडळ आहे. यंदा डीजेचा खर्च टाळून हिपॅटायटीस बी आणि सीची तपासणी व लसीकरण असं एका दिवसाचं शिबिर घ्यायचं ठरतंय. वस्तीत विड्या वळणाऱ्या बायका आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले कामगार जास्त आहेत. शिबिरासाठी काय काय लागेल?
– एक कार्यकर्ता, अशोक चौक परिसर

उत्तर : दादा, डीजेचा पैसा इकडे वळवताय याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट सांगते, एका दिवसाचं शिबिर घेऊ नका. मोठ्या माणसांना या लसीचे तीन डोस लागतात. पहिला आज, दुसरा महिन्यानं आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिला गणपतीत दिलात तर तिसरा होळीच्या आसपास येतो. तोवर मांडव कधीच उतरलेला असतो, आणि ज्याचे दोनच डोस झाले त्याला वाटत असतं की आपली लस झाली. त्यामुळे फलक लावाल तेव्हा तिन्ही तारखा एकदमच लिहा. प्रत्येक गल्लीमागे एक कार्यकर्ता नेमा, त्याच्याकडे वही द्या आणि तिसऱ्या डोसाला घरी जाऊन बोलावणं ही त्याची जबाबदारी ठेवा. सरकारी यंत्रणेला प्रत्येक दारात इतकं जाता येत नाही. तुमची मुलं तर वर्गणीसाठी दरवर्षी त्याच दारात उभी असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्यांची तपासणी पॉझिटिव्ह येईल त्यांचं पुढे काय, हे ठरवल्याशिवाय एकाच्याही बोटाला सुई टोचू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज आहे. त्यानुसार भारतात हिपॅटायटीस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे सुमारे ५५ लाख लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हे माहीतच नाही, कारण यकृत वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. पोटात पाणी साठतं किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा माणूस दवाखान्यात येतो. तुमच्या शिबिरात अशी माणसं सापडतील ती अगदी धडधाकट, कामावरून आलेली असतील. त्यांच्या हातात नुसता कागद देऊन पाठवलं, तर आपण त्यांना फक्त भीती दिली.

शिबिरातली झटपट चाचणी हा शेवटचा निकाल नसतो, हे कार्यकर्त्यांनाही माहीत हवं. हिपॅटायटीस सीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला एवढंच कळतं. तो आजही आहे का, हे आरएनए तपासणीनं ठरतं. हिपॅटायटीस बीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर यकृताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि रक्तातल्या विषाणूचं प्रमाण पाहावं लागतं. त्यातल्या सगळ्यांनाच गोळ्या लागत नाहीत, पण नियमित तपासणी मात्र सगळ्यांना लागते. सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. बीच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात आणि त्या बऱ्याचदा वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. तेव्हा शिबिराची तारीख ठरवण्याआधी दोघे-तिघे मिळून सिव्हिलला जा. या कार्यक्रमाचं काम पाहणाऱ्या डॉक्टरांना भेटा. आमच्याकडून माणसं पाठवली तर कुठल्या वारी, कुठल्या खिडकीवर, कुणाकडे पाठवायची, हे लिहून आणा. किट आणि तंत्रज्ञ मिळतील का, तेही विचारा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि तुमच्या वस्तीतल्या आशाताई यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. उद्घाटनाला हार घालण्यापुरतं बोलावू नका.

विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. सिव्हिलच्या रांगेत तिचा दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी गेली. पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि त्यासाठी तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन फेऱ्यांना मंडळाचं कुणीतरी सोबत जा, केसपेपर काढून द्या, रिक्षाचं भाडं मंडळानं भरा. शिबिराची वेळही बायका ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या केंद्रावर, विड्या द्यायला जातात ती पाहून ठरवा आणि शक्य असेल तर ब्रँचच्या शेजारीच टेबल मांडा. रात्रपाळीच्या कामगारांसाठी संध्याकाळची वेगळी वेळ ठेवा. तुमच्याकडे बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, म्हणून समजावून सांगणारी बाई तेलुगू बोलणारी असू द्या. पूर्व भागात मराठीत सांगितलेलं कळतं सगळ्यांना, पण आजाराबद्दल मनातलं विचारायचं तर आईच्याच भाषेत विचारलं जातं.

आता गुप्ततेबद्दल. एका मंडळाच्या शिबिरात कागद टेबलावर उघडे पडले होते. कुणीतरी वाचलं, बातमी गल्लीत फिरली आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. निकाल बंद पाकिटात द्या, आडोशाला एकेकाला बसवून सांगा. माइकवर नाव न पुकारता नंबर पुकारा. पॉझिटिव्ह किती निघाले हा आकडा फलकावर, फेसबुकवर, कुठेही टाकू नका. छोट्या वस्तीत आकड्यावरूनही माणूस ओळखतात.

लसीच्या खर्चाची फार धास्ती घेऊ नका. लहान मुलांना ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, मोठ्यांना बहुधा विकत घ्यावी लागते. पण हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीनं १९९७ साली देशी बनावटीची लस आणली आणि परदेशी लसीची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून ही लस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. औषध विक्रेत्यांची संघटना, एखादा कारखानदार, बचत गट अशांना एकेका गल्लीचे तिन्ही डोस उचलायला सांगा. लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते आणि ती गोठली तर वाया जाते. म्हणून आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवून आणू नका. आधी तपासणी, मग निगेटिव्ह असणाऱ्यांना लस, असा क्रम ठेवा. वापरलेल्या सुया घंटागाडीत जाता कामा नयेत. ती जबाबदारी ज्या दवाखान्याची माणसं टोचायला येतील, त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना आहे. रक्त तपासलं तर हिपॅटायटीस बी निघाला. घरात सगळे घाबरलेत. तिचं ताट-भांडं वेगळं ठेवावं का? बाळाला अंगावर पाजू द्यावं का?
– एक सासूबाई, अक्कलकोट तालुका

उत्तर : मावशी, ताट वेगळं करू नका, अंथरूणही वेगळं करू नका. एकत्र जेवण्यानं, एका तांब्यातून पाणी पिण्यानं, पोराला कुशीत घेण्यानं हा आजार पसरत नाही. तो रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. रेझर, दात घासायचा ब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं ठेवा. तुमच्या मुलाची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, निगेटिव्ह असतील त्यांना तीन डोस द्या. मुलाचे डोस पुरे होईपर्यंत दोघांनी निरोध वापरावा.

सातवा महिना आहे, म्हणून एक काम या आठवड्यातच करा. तिच्या रक्तातल्या विषाणूचं प्रमाण तपासून घ्या. ते जास्त असेल तर याच सुमाराला आईला टेनोफोव्हिर नावाची गोळी सुरू करतात, म्हणजे बाळाचा धोका आणखी कमी होतो. बाळंतपण दवाखान्यातच होऊ द्या. माहेरी पाठवणार असाल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा आणि कागद सोबत द्या. बाळाला २४ तासांच्या आत, खरं तर जन्मल्यावर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, हिपॅटायटीस बीची लस मिळाली पाहिजे. तिच्याबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही हवं. हे दुसरं इंजेक्शन सगळीकडे तयार नसतं, ते कुठून मिळेल ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लस (पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्यात हिपॅटायटीस बीही येतो) चुकवू नका, आणि बाळ ९ ते १२ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून घ्या.

इतकं सगळं का, तर जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत हा आजार आयुष्यभर राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले ९५ जण स्वतःहून त्यातून सुटतात. बाळाला लस मिळाली की आईनं अंगावर खुशाल पाजावं.

आणि मावशी, सुनेला दोष देऊ नका. तिला हा आजार बहुधा तिच्या जन्मावेळीच मिळाला असेल. तेव्हा तिच्या आईची कुणी तपासणी केली नव्हती आणि ही लसही आपल्याकडे सगळ्या बाळांना मिळत नव्हती. संपूर्ण देशभर ती २०११-१२ च्या सुमाराला पोहोचली. तिच्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा. तिला आत्ता सगळ्यात जास्त गरज तुमची आहे.

प्रश्न : आमच्याकडे कावीळ झाली की माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवतात, आणि लोक बरेही होतात. मग लस कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : लोक बरे होतात ते खरं आहे. पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्या काळात गळ्यात माळ असो वा नसो. बी आणि सी मात्र दरवेळी अशी उतरत नाहीत, काहींच्या शरीरात ती वर्षानुवर्षं मुक्काम करतात, आणि माळेच्या भरवशावर गेलेली वर्षं यकृताला महागात पडतात. म्हणून डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. हिपॅटायटीस ई शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो.

बीची लस घेतली म्हणून पाण्याची कावीळ टळत नाही, हेही लक्षात असू द्या. सोलापूर शहरात पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी पिंपं भरून ठेवावी लागतात. पिण्याचं पाणी उकळा, झाकून ठेवा, आणि आत हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्यानं काढा.

प्रश्न : आषाढीला पंढरपूरला हातावर विठ्ठल गोंदवून घेतला. सुई नवी होती का ते पाहिलं नाही. आता तपासणी करू का?
– एक तरुण, मोहोळ

उत्तर : करा, आणि आजच लसीचा पहिला डोसही घ्या. हिपॅटायटीस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतो. त्यामुळे सुई नुसती पुसून घेतली तर उपयोग नसतो. आत्ता निगेटिव्ह आलात तरी तीन महिन्यांनी बी आणि सी दोन्ही पुन्हा तपासा, सीची चाचणी सहाव्या महिन्यात आणखी एकदा करा. गोंदवल्यापासून वर्षभर रक्तदान करू नका. तुमच्याबरोबर त्याच माणसाकडून आणखी कुणी गोंदवून घेतलं असेल, तर त्यांनाही तपासणीला घेऊन जा.