लेक पुण्याला गेली, चिंगी पोट चाटत बसली

ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत मिरवणूक झाली त्याच आठवड्यात लेक नोकरीसाठी पुण्याला गेली. तेव्हापासून आमची चिंगी पोट आणि मागच्या मांड्या सारख्या चाटते. तिथले केसच गेलेत. मिस्टर म्हणतात, तिने लेकीचा ध्यास घेतलाय. सासूबाई म्हणतात, मांजरं चाटतातच. मला वाटतं, माझंच तिच्याकडे दुर्लक्ष झालं. काय करू?
– चिंगीची आई

चिंगीच्या आई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. जिभेवरचे बारीक काटे टोकाशी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्याने सुटे केस निघतात, पिसवा निघतात, लाळ वाळताना अंगही गार होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते हवंच. पण कातडी उघडी पडेपर्यंत चाटणं म्हणजे काहीतरी दुखतंय, खाजतंय किंवा सलतंय.

मिस्टरांच्या म्हणण्यावर इतक्यात शिक्का मारू नका. मानसिक कारणाने केस गेले असं समजलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी केल्याचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १६ मांजरांना शरीराचंच दुखणं निघालं. निव्वळ मानसिक कारण दोघांचंच होतं. आणि तुमच्याकडची वेळ बघा ना. पोळा म्हणजे दमट दिवस, पिसवांचं फावतं. लेक जाणं आणि पिसवा वाढणं एकाच महिन्यात झालं असेल. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरीला एखाद-दुसरा चावाही पुरतो, आणि चाटताना ती पिसू गिळूनही टाकते, त्यामुळे आपल्याला दिसत नाही.

आज रात्रीच उवांची बारीक फणी घ्या आणि शेपटीच्या मुळाशी केसांतून फिरवा. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. कण नाही निघाले तरी निर्धास्त होऊ नका. मग पोटावरून उलट्या दिशेने बोट फिरवा. दाढीच्या खुंटांसारखं टोचलं तर केस मुळातून गळलेले नाहीत, जिभेने तुटलेत. हे सगळं डॉक्टरांना सांगा.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच. तिथे लघवीही तपासायला सांगा, कारण मूत्राशयाला सूज असली तरी मांजर खालचं पोट चाटत राहतं. ती वारंवार वाळूत बसते आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी धावा. खाण्याची अ‍ॅलर्जी शोधायची ठरली तर साधारण आठ आठवडे एकच ठरावीक खाणं द्यावं लागतं. मधूनच दुधात कुस्करलेली पोळी चालणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

एक कळकळीने सांगते. कुत्र्याचं पिसवांचं औषध तिला अजिबात लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराच्या जिवावर बेततं. डेटॉल, कडुलिंबाचं तेल काहीच चोळू नका, जे लावाल ते तिच्या पोटात जाणार. फिनाईलने फरशी पुसणंही थांबवा. पायाला लागतं आणि ती पाय चाटते.

आता तुमचं. लेक गेल्याने घर सुनं झालंय आणि तुम्ही मांजरीच्या निमित्ताने स्वतःला बोल लावताय, असं मला पत्र वाचताना जाणवलं. दुर्लक्ष केलं असतं तर हे तुमच्या लक्षातच आलं नसतं, कारण पुष्कळ मांजरं आडोशाला जाऊन चाटतात. चिंगीला बदलाचा ताण आलाही असेल. लेक ज्या वेळी तिच्याशी खेळायची, त्याच वेळी तुम्ही दोरी घेऊन बसा. लेकीच्या खोलीचं दार उघडं राहू द्या. चाटताना दिसली तर ओरडू नका. दवाखान्यात मात्र मिस्टरांना सोबत न्या, आठवण त्यांनाही येतच असणार.

चाटणं थांबल्यावर केस यायला काही महिने लागतात. तोवर दर आठवड्याला पोटाचा एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना फरक कळेल.