कॉपी चालू असताना वीज गेली, आता एक्स्टर्नल डिस्क उघडत नाही. फाइल परत मिळतील का?

संगणकावरून फोटो कॉपी होत असताना वीज गेली आणि तेव्हापासून डिस्क जोडली की विंडोज ती फॉरमॅट करायला सांगते, असे आपण लिहिले आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत नसेल आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीत तिची क्षमता बरोबर दिसत असेल, तर बहुतेक फाइल परत मिळण्याची आशा धरण्यास हरकत नाही. मात्र त्या संदेशाला होकार देऊ नका आणि कोणी ‘चेकडिस्क (विंडोजचा डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्रॅम) चालवून बघ’ असे सुचवले, तरी तेही तूर्त करू नका.

अशा वेळी बिघडते ती प्रामुख्याने फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद. तलाठ्याचे दप्तर जळाले म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच इथेही असते. डिस्कवर फाइल मांडण्याच्या एनटीएफएस या पद्धतीत नोंदींमधले बदल आधी जर्नल नावाच्या एका वहीत लिहिले जात असल्यामुळे ती बऱ्याचदा स्वतःला सावरून घेते; एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत अशी सोय नाही आणि बाजारात मिळणाऱ्या कित्येक पोर्टेबल डिस्क एक्सफॅटमध्येच असतात. वीज गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, ती अर्धवट असण्याची शक्यता धरून चाला.

चेकडिस्कला माझा विरोध एवढ्यासाठीच की, त्याचे काम नोंदी परस्परांशी जुळवणे हे आहे, आपले फोटो वाचवणे हे नव्हे. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ते छाटून टाकते, उरलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते आणि हे सारे त्याच डिस्कवर लिहिते. नंतर ते मागे घेता येत नाही.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहावी. तिथे क्रमांक ५ आणि १९७ या ओळींतील मूळ मूल्य (रॉ व्हॅल्यू) शून्य नसेल, तर काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, खराब झाले आहेत किंवा होण्याच्या मार्गावर आहेत, असे समजून डिस्क विनाकारण चालू ठेवू नये.

त्यानंतरची पायरी कंटाळवाणी आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढून घेणे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू हे प्रत काढण्याचे सॉफ्टवेअर वापरले, तर ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड सेक्टर शेवटी ठेवते आणि कुठवर वाचून झाले याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करते. त्यामुळे मध्येच पुन्हा वीज गेली, तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. आज्ञेत मूळ डिस्क आधी आणि प्रतीची जागा नंतर येते. हा क्रम उलटला, तर मूळ डिस्कच पुसली जाईल. हे काम बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवर करावे, परंतु स्वतंत्र अडॅप्टरवर चालणाऱ्या साडेतीन इंची डिस्कला लॅपटॉपच्या बॅटरीचा काही उपयोग नाही, तिला यूपीएस हवाच.

पुढचे सर्व प्रयोग या प्रतीवर करावेत. एनटीएफएस आणि एक्सफॅट या दोन्हींत बूट सेक्टरची, म्हणजे डिस्कची मांडणी सांगणाऱ्या सुरुवातीच्या कप्प्याची, एक जादा प्रत डिस्कच्या त्याच विभागात (पार्टिशनमध्ये) ठेवलेली असते. टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम ती शोधून देतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच फोल्डर नावांसह दिसू लागतात. तसे झाले नाही, तर त्याच्याच सोबत मिळणारे फोटोरेक वापरावे. ते नोंदींकडे न पाहता प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला असणारी ठरावीक बाइट्सची खूण शोधते. त्यात फाइलची नावे आणि फोल्डर हरवतात आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेले मोठे व्हिडिओ बहुधा नीट जुळत नाहीत. छायाचित्रांत कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख मात्र आतच असते, तिच्यावरून ती पुन्हा लावता येतात. दोन्ही प्रोग्रॅम विनामूल्य आहेत, म्हणून ‘हमखास रिकव्हरी’ची जाहिरात करणारे सॉफ्टवेअर आधीच विकत घेऊ नये.

आपली डिस्क एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी) असेल, तर फॉरमॅटचा धोका आणखी मोठा आहे, कारण त्या वेळी ट्रिमची, म्हणजे रिकामी झालेली जागा पुसून टाकण्याची, आज्ञा गेली, तर जुना मजकूर सहसा परत मिळत नाही.

डिस्क टकटक करत असेल किंवा फिरतच नसेल, तर यातले काहीही करू नका. ती फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, आत दव धरले की तबकडीच्या पृष्ठभागाची हानी होते. काही डिस्कच्या पेटीतील सर्किटच सर्व माहिती एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवते, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालण्यानेही काही साधत नाही. अशी डिस्क न उघडता डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी, आतापर्यंत काय काय करून पाहिले ते खरेखरे सांगावे आणि खर्चाचा अंदाज लेखी घेतल्यावरच कामाला संमती द्यावी.