ओटीपी बँकेचा नव्हता, हे त्याला आधी सांगा

प्रश्न : माझ्या मुलाला बारावीला ८८ टक्के होते. तरी इंजिनिअरिंग सोडून त्याने भूगोल घेतला, मग जिओइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. केलं. दीड वर्षापासून खराडीतल्या एका कंपनीत जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायचं, काम करतो. वेगवेगळ्या खात्यांकडून आलेला नकाशांचा डेटा बदलून देणारा कसलासा वर्कफ्लो त्याने बनवलाय, तो ‘सर्व्हरवर टूल म्हणून टाकायचाय’ म्हणून रात्री अकरा-अकरापर्यंत बसतो. नकाशे तर गुगलवर फुकट मिळतात! मावसभावाला आयटीत याच्या दुप्पट पगार आहे. मी फुल-स्टॅकच्या, म्हणजे वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या, क्लासची फी भरली आहे आणि एमपीएससीचा फॉर्मही. फॉर्मसाठी त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी बँकेचा आहे म्हणून मागून घेतला. त्याला अजून सांगितलेलं नाही. दोन्हींपैकी त्याने काय निवडावं?
– एक पालक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी ओटीपीपाशी थांबले. पगार आणि मार्कांचा विचार नंतर करू.

तुमचा मुलगा पदव्युत्तर शिकलाय, नोकरी करतोय, कमावतोय. त्याच्या नावाने, त्याच्याशी खोटं बोलून तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरलात, आणि आता मला विचारताय की त्याने काय निवडावं. म्हणजे निवड तुमची, शिक्का माझा आणि अभ्यास त्याचा. अख्ख्या पत्रात त्याचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य आलंय, ‘सर्व्हरवर टूल म्हणून टाकायचंय’, आणि तेही तुम्ही वैतागून लिहिलंय. त्याला काय आवडतं, काय जड जातं, कंपनीत तो खूश आहे का, याबद्दल एक ओळ नाही. मावसभावाच्या पगाराबद्दल मात्र आहे. तो भाऊ घरी आला की तुमचा मुलगा जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जातो का, एवढं एकदा बघा. माझ्यापुढे बसलेल्या बऱ्याच मुलांनी हे सांगितलंय.

आता ‘नकाशे गुगलवर फुकट मिळतात’ याबद्दल. गुगलचा नकाशा रस्ता दाखवतो. तुमच्या मुलासारख्यांकडे येतो तो कच्चा माल: एका खात्याचं ऑटोकॅडचं ड्रॉइंग, दुसऱ्याची गट नंबरांची शेपफाइल (नकाशातल्या आकृत्यांची फाइल), तिसऱ्याची एक्सेल आणि वर सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (तपशीलवार छापील नकाशा). ती जुनी शीट पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट १८३० या मापावर बेतलेली, आणि तुमच्या मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या मापावर चालतो. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं तर पुण्यात जागा शंभरेक मीटरने सरकते, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या गटात. हे सगळं वाचून, दुरुस्त करून, एका मापावर आणून हव्या त्या फॉरमॅटमध्ये देणारी साखळी म्हणजे तो वर्कफ्लो. बहुधा एफएमई या डेटा बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या डेटा इंटरऑपरेबिलिटी एक्स्टेन्शनमध्ये केला असेल. त्या एक्स्टेन्शनच्या पोटात एफएमईचंच इंजिन आहे. तो सर्व्हरवर टाकला की ज्याच्याकडे हे सॉफ्टवेअर नाही असा कुठल्याही ऑफिसातला माणूस ब्राउझरमधून फाइल चढवतो आणि तयार डेटा उतरवून घेतो. रात्रीचे अकरा वाजतात ते इथे. स्वतःच्या मशीनवर साखळी मस्त चालते, कारण डेटा डी ड्राइव्हवर असतो. सर्व्हरला तो ड्राइव्ह दिसत नाही. दिसला तर सर्व्हरच्या खात्याला फोल्डर उघडायची परवानगी नसते. ती मिळाली तर सर्व्हरवर एक्स्टेन्शनचं वेगळं लायसन्स नसतं. सगळं जमलं, तरी काम दहा मिनिटांचं असेल तर ब्राउझरला ताटकळत ठेवता येत नाही; जॉब नंबर देऊन काम मागे चालू ठेवावं लागतं. शिवाय वापरणाऱ्याला कोणते पर्याय द्यायचे, त्याने चुकीची फाइल चढवली तर काय, हेही ठरवायचं. आयटी म्हणजे वेगळं काय असतं हो?

तरी तुमची भीती अगदीच पोकळ नाही. नुसतं डिजिटायझेशन, म्हणजे दिवसभर रेघा ओढत बसणं, यात पगार अडकतो हे खरं आहे. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणं पाठ करून बसला, तर नोकरी बदलताना त्याला जड जाईल. त्याने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करावी, पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस शिकावा आणि हीच साखळी जिओसर्व्हर या मोफत सॉफ्टवेअरवर डब्ल्यूपीएस (वेबवरून डेटावर काम करून देणारी सेवा) म्हणून किंवा नकाशांच्या डेटाची मानकं ठरवणाऱ्या ओजीसी या संस्थेच्या २०२१ मध्ये आलेल्या ‘एपीआय प्रोसेसेस’ या मानकाप्रमाणे एकदा स्वतः उभी करून पाहावी. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना नकाशांच्या डेटासाठी आधी परवानगी घेण्याच्या कटकटीतून बरंच सोडवलं, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. क्षेत्र आटत चाललेलं नाही.

एमपीएससी, सेट-नेट, गेटचा २०२२ पासूनचा जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशांचा) पेपर, या वाटा आहेत आणि त्या त्याला माहीत आहेत. जायचं असेल तर जाईल.

फुल-स्टॅकचं म्हणाल तर गंमत अशी की त्यातली जावास्क्रिप्ट त्याला वेबवरच्या नकाशांसाठी उपयोगी पडेल. पण सगळा कोर्स त्याला नकोय, आणि तुमच्या धाकाने तर नकोच.

तेव्हा तुमच्या ‘दोन्हींपैकी काय’ला माझं उत्तर: दोन्ही नाही. आज रात्री त्याला ओटीपीचं खरं सांगा. तो चिडेल, चिडू द्या. लगेच ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणू नका. रविवारी त्याला ते टूल तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा आणि मध्ये पगाराचा विषय काढू नका. क्लासची पावती जपून ठेवा. बॅच सुरू व्हायच्या आत नाव काढलं तर किती पैसे परत मिळतात, हे उद्याच विचारा. आणि त्याला काही विचारायचं असेल तर पत्र त्याने लिहावं, त्याच्याच ईमेलवरून.